'चालतंय ना!' या सबबीला उत्तर

सप्टेंबर 2025मध्ये एक्स्पोची एसडीके 54 आली आणि रिॲक्ट नेटिव्हवर ॲप बांधणाऱ्यांचं काम एका नेमक्या जागी अडलं. फाइल लिहिणं, वाचणं, डाउनलोड करून ठेवणं यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेली फंक्शन्स नेहमीच्या आयातीतून बोलावली की ॲप चालू असताना एरर येऊ लागली. 'फाइल', 'डिरेक्टरी' आणि 'पाथ्स' यांच्यावर उभी असलेली नवी रचना आता मुख्य झाली होती. जुनी रचना 'लेगसी' नावाच्या आडवाटेला नेऊन ठेवली होती. आयातीच्या ओळीत तो एक शब्द जोडला की जुना कोड पुन्हा धावतो. साहजिकच सल्ला फिरू लागला: 'लेगसी' लावा, बिल्ड काढा, पुढच्या कामाला लागा.

एका रात्रीपुरता हा सल्ला योग्यच आहे. रिलीज उद्यावर आलेली असताना कुणी फाइलींचा अख्खा कोड उसवत बसू नये. पण सल्ला एका रात्रीपुरता राहत नाही, त्याचं धोरण होतं. त्यामागची मांडणी साधारण अशी: चालू कोडला हात लावायचा नसतो, फाइलींचे नियम सतत बदलतात ते गूगल आणि ॲपलच्या सोयीसाठी, वापरकर्त्याच्या नव्हे, आणि दोन प्लॅटफॉर्ममधला फरक झाकणं हे फ्रेमवर्कचंच काम, ॲप लिहिणाऱ्याने त्यात का पडावं? अनुभवी माणसंही असं बोलतात, म्हणून याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. तिन्ही म्हणण्यांत थोडंथोडं तथ्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड ॲप लिहिणाऱ्याला नव्हे, ते वापरणाऱ्याला बसतो.

आधी 'चालतंय' या शब्दाकडेच पाहू. खर्चाच्या पावत्यांचे फोटो जपून ठेवणारं एखादं ॲप घ्या. वापरकर्ता पावतीचा फोटो काढतो, ॲप तो आयफोनवर आपल्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये ठेवतं आणि फोटोचा पूर्ण पाथ डेटाबेसमध्ये लिहून टाकतं. त्या पाथच्या मधोमध ॲपच्या डेटा कंटेनरची 36 अक्षरांची ओळख असते. ही ओळख कायमची नसते. ॲपची नवी आवृत्ती बसली की आयओएस कंटेनरला नवी ओळख देऊ शकतं. फाइली सगळ्या सुखरूप नव्या जागी येतात, पण डेटाबेसमधला पाथ जुन्या ओळखीचाच राहतो. वापरकर्ता ॲप अपडेट करतो, उघडतो, आणि वर्षभराच्या पावत्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फोटो फोनमध्येच असतात. ॲपला ते सापडत नाहीत. उपाय अगदी छोटा आहे. डेटाबेसमध्ये फक्त फाइलचं नाव किंवा फोल्डरपासूनचा सापेक्ष पाथ ठेवायचा आणि पुढचा भाग दर वेळी सिस्टीमला विचारून जोडायचा. पण पाथ ही एक साधी स्ट्रिंग आहे, ती कुठेही साठवावी, कुठेही चिकटवावी, ही सवय जुन्या कोडने लावली. तो कोड चालत होता तो फक्त पुढच्या अपडेटपर्यंत.

नव्या रचनेत 'पाथ्स'कडून डॉक्युमेंट फोल्डर घ्यायचा आणि त्यात नाव देऊन फाइल मिळवायची, असा रिवाज आहे. म्हणून चूक अशक्य होते असं नाही. कुणी त्या फाइलचा यूआरआय काढून डेटाबेसमध्ये टाकलाच तर पुन्हा तेच होईल. पण योग्य गोष्ट करणं सोपं आणि चुकीची गोष्ट करायला मुद्दाम वळण घ्यावं लागणं, हा फरक कोडच्या आयुष्यात मोठा असतो.

दुसरं म्हणणं अँड्रॉइडबद्दलचं आहे आणि ते जास्त गांभीर्याने घ्यायला हवं. अँड्रॉइडवर पूर्वी एकच परवानगी मिळाली की सामायिक स्टोरेजमधलं जवळपास सगळं वाचता-लिहिता येई. वाड्याच्या चौकात प्रत्येक बिऱ्हाडाने आपलं सामान उघडं ठेवावं, तशी ती जागा होती. 2019मध्ये अँड्रॉइड 10ने प्रत्येक ॲपला आपापल्या जागेपुरतं बांधणारं स्कोप्ड स्टोरेज आणलं, 2020मध्ये अँड्रॉइड 11ने ते बंधनकारक करायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून 'गूगलने विनाकारण छळ मांडलाय' ही तक्रार थांबलेली नाही.

विनाकारण? ऑगस्ट 2018मधलं फोर्टनाइटचं प्रकरण आठवावं. एपिक गेम्सने हा खेळ अँड्रॉइडवर प्ले स्टोअरबाहेरून आणला. वापरकर्त्याने आधी छोटा इन्स्टॉलर बसवायचा आणि मग त्या इन्स्टॉलरने खेळाची मोठी फाइल उतरवायची, अशी योजना होती. इन्स्टॉलर ती फाइल सामायिक स्टोरेजमध्ये उतरवत असे. फाइल उतरली, तपासली गेली, आणि प्रत्यक्ष बसवली जाण्याआधीच्या क्षणात स्टोरेजची परवानगी असलेलं दुसरं कुठलंही ॲप तिच्या जागी आपली फाइल ठेवू शकत होतं. सॅमसंगच्या फोनवर तर पुढची तपासणी फक्त पॅकेजच्या नावाची होती. नाव जुळलं की वापरकर्त्याला न विचारता बनावट ॲप बसलं असतं. गूगलच्या अभियंत्यांनी हे दाखवून दिलं आणि एपिकने दोन दिवसांच्या आत दुरुस्ती केली. दुरुस्ती काय होती? फाइल ॲपच्या खाजगी जागेत उतरवायची. त्याच महिन्यात चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने याच वर्गातल्या हल्ल्यांना 'मॅन-इन-द-डिस्क' असं नाव दिलं, आणि त्यांच्या यादीत गूगलची स्वतःचीही ॲप्स होती.

जुलै 2019मध्ये सिमँटेकच्या संशोधकांनी व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या बाबतीत आणखी बोचरी गोष्ट दाखवली. आलेलं छायाचित्र किंवा कागद सामायिक स्टोरेजमध्ये लिहिला जातो आणि मग पडद्यावर दिसतो, त्या मधल्या वेळेत दुसरं ॲप त्यात फेरफार करू शकतं. त्यांच्या प्रात्यक्षिकात व्यापाऱ्याने पाठवलेल्या बिलावरचा खाते क्रमांकच बदलला जात होता. पाठवणाऱ्याने बरोबर पाठवलं, संदेश वाटेत एन्क्रिप्टेड होता, आणि तरीही घेणाऱ्याने चुकीचं बिल पाहिलं.

तिसरं उदाहरण हेरगिरीचं. ऑगस्ट 2019मध्ये युझनिक्सच्या सुरक्षा परिषदेत 88,000हून अधिक अँड्रॉइड ॲप्सचा अभ्यास मांडला गेला. त्यात असं आढळलं की बायडू आणि सॅल्मनॲड्स यांच्या एसडीके फोनचा आयएमईआय क्रमांक सामायिक स्टोरेजमधल्या लपवलेल्या फाइलीत लिहून ठेवतात. ज्या ॲपला तो क्रमांक वाचायची परवानगी मिळाली त्याने लिहायचा, आणि परवानगी न मिळालेल्या ॲपने त्या फाइलीतून उचलायचा. वापरकर्त्याने एका ॲपला 'नाही' म्हटलेलं असताना दुसऱ्याच्या 'हो'वर काम भागवलं जात होतं. जुनी फाइलव्यवस्था शाबूत राहावी असं म्हणणाऱ्याने या तीन उदाहरणांना उत्तर द्यायला हवं.

आपल्याकडे तर याचा आणखी कडवट अनुभव आला. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी फोनमधले फोटो आणि संपर्क उचलून वसुलीसाठी कर्जदारांना छळल्याची प्रकरणं देशभर पोलिसांपर्यंत गेली. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की अशा ॲप्सनी फोनमधल्या फाइली आणि मीडिया, संपर्कयादी, कॉलच्या नोंदी यांना हात लावू नये; कॅमेरा, माइक, लोकेशन यासारखी गोष्ट ग्राहकाची नोंदणी आणि केवायसी यांच्यापुरती, एकदाच आणि स्पष्ट संमतीने घ्यावी. मे 2023च्या अखेरीपासून प्ले स्टोअरनेही वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि सामायिक स्टोरेजच्या परवानग्या मागायला बंदी केली. स्टोरेजची सरसकट परवानगी ही डेव्हलपरच्या लेखी मॅनिफेस्टमधली एक ओळ असते. ज्याच्या फोनमधून फोटो गेले, त्याच्या घरापर्यंत ती ओळ पोचलेली असते.

आता दुसरी बाजू, जी खरी आहे आणि झाकून चालणार नाही. गूगलने हा बदल नीट राबवला नाही. 2019मध्येच सक्ती करायचं ठरवून, डेव्हलपरांचा विरोध पाहून ती एक वर्ष पुढे ढकलावी लागली. पर्याय म्हणून पुढे केलेलं स्टोरेज ॲक्सेस फ्रेमवर्क मोठ्या फोल्डरांच्या बाबतीत संथ आहे. हजारो फाइलींची यादी काढायची तर साध्या पाथने जे पटकन व्हायचं त्याला तिथे ताटकळावं लागतं. ज्यांना खरोखर सगळ्या फाइली लागतात अशांवरही अन्याय झाला. सिंकथिंगच्या अँड्रॉइड ॲपच्या देखभालकर्त्याने ऑक्टोबर 2024मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि कारणांमध्ये प्ले स्टोअरवर प्रकाशित करण्यातल्या अडचणी होत्या. नेक्स्टक्लाउडकडून सर्व फाइलींची परवानगी काढून घेतली गेली, त्यामुळे त्यांच्या प्ले स्टोअरवरच्या ॲपमधून फोटो आणि व्हिडिओंखेरीज इतर फाइली आपोआप अपलोड होईनात. मे 2025मध्ये त्यांनी जाहीर बोंब मारली तेव्हा कुठे गूगलने परवानगी परत दिली. स्वतःचं क्लाउड स्टोरेज विकणाऱ्या कंपनीने दुसऱ्याच्या क्लाउड ॲपला कुठली फाइल दिसावी हे ठरवणं चुकीचं आहे, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्यांना पाठिंबा द्यायला हवा.

पण या अन्यायाच्या आडोशाला जी ॲप्स उभी राहतात, ती वेगळीच असतात. सिंकथिंगचं कामच फोल्डर जुळवणं हे आहे. बिलं बनवणाऱ्या, शाळेची हजेरी घेणाऱ्या, दवाखान्याचे रिपोर्ट दाखवणाऱ्या ॲपला वापरकर्त्याने दाखवलेली एक फाइल हवी असते. त्यासाठी दोन्ही प्लॅटफॉर्मवर सिस्टीमचा पिकर आहे आणि त्याला कुठलीही परवानगी लागत नाही, कारण वापरकर्त्याने फाइल निवडली यातच त्याची संमती आली. अँड्रॉइड 13ने फोटोंसाठी वेगळा पिकर दिला. आयओएस 14ने त्याआधीच तसा दिला होता. तरीही हजेरीच्या ॲपने सर्व फाइलींची परवानगी मागायची आणि विचारलं की नेक्स्टक्लाउडचं उदाहरण पुढे करायचं, हे प्रामाणिक नाही.

तिसरं म्हणणं फ्रेमवर्कबद्दलचं. फरक झाकणं हे फ्रेमवर्कचं काम आहे खरं, पण फाइलींच्या बाबतीत तो फरक फ्रेमवर्क झाकतं कसं हे पाहायला हवं. अँड्रॉइडवर पिकर परत देतो तो बहुधा पाथ नसतोच, कंटेंट यूआरआय असतो. फाइल ड्राइव्हवर असेल, दुसऱ्या ॲपकडे असेल, पेनड्राइव्हवर असेल. जुन्या कोडला मात्र पाथच हवा. मग फ्लटरचा फाइल पिकर असो की एक्स्पोचा डॉक्युमेंट पिकर, सर्वसाधारण मार्ग एकच: निवडलेल्या फाइलची प्रत कॅशमध्ये काढायची आणि त्या प्रतीचा पाथ द्यायचा. ॲप लिहिणाऱ्याला वाटतं की फाइल मिळाली.

प्रत्यक्षात काय होतं? 300 एमबीचा व्हिडिओ निवडला की फोनमधली आणखी 300 एमबी जागा जाते. 64 जीबीच्या भरलेल्या फोनवर तेवढ्यानेच काम अडतं. त्याहून वाईट म्हणजे वापरकर्ता कागद उघडतो, दुरुस्त करतो, 'सेव्ह' दाबतो, आणि दुरुस्ती कॅशमधल्या प्रतीत जाते. मूळ कागद जसाच्या तसा. कॅश तर सिस्टीम केव्हाही रिकामी करू शकते. दोन तास खपून केलेलं काम कुठे गेलं हे त्या माणसाला कधीच कळत नाही, आणि क्रॅश रिपोर्टमध्येही काही दिसत नाही, कारण काहीच क्रॅश झालेलं नसतं. हा फरक न झाकता ॲपने समजून घ्यायला हवा होता: ही फाइल फक्त वाचायची आहे की परत लिहायची, आजपुरती हवी आहे की उद्याही? परत लिहायची तर मूळ यूआरआयवर लिहावं लागतं, आणि उद्या हवी तर टिकाऊ परवानगी मागून घ्यावी लागते. हे प्रश्न फ्रेमवर्क ॲपच्या वतीने सोडवू शकत नाही. एक्स्पोच्या नव्या रचनेतली 'फाइल' कंटेंट यूआरआयही धरू शकते, म्हणजे निदान हे प्रश्न विचारायला जागा तरी होते.

मेमरीचा मुद्दाही इथलाच. जुन्या रिॲक्ट नेटिव्ह कोडमध्ये बायनरी फाइल हाताळायची म्हणजे ती बेस64 मजकूर करून जावास्क्रिप्टकडे न्यायची. तीन बाइटांची चार अक्षरं होतात. 30 एमबीची फाइल 40 एमबीची स्ट्रिंग होते, आणि तीही अख्खी एकदम मेमरीत. स्वस्त अँड्रॉइड फोनवर ॲप मध्येच बंद पडतं ते बऱ्याचदा इथे. नव्या रचनेत बाइट थेट मिळतात आणि हँडल उघडून फाइलचा हवा तेवढाच तुकडा वाचता येतो. या रचनेतही खोट आहे: प्रत काढणं, हलवणं, लिहिणं या क्रिया एसडीके 54मध्ये काम संपेपर्यंत जावास्क्रिप्टला थांबवून धरतात, त्यामुळे मोठी फाइल हलवताना पडदा गोठू शकतो. हा आक्षेप रास्त आहे आणि मोठ्या फाइलींच्या बाबतीत तो लक्षात ठेवूनच कोड बदलायला हवा. पण जुन्याकडे राहण्याचं ते कारण होत नाही.

एक गोष्ट मराठी वापरकर्त्यांशी थेट संबंधित आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. फाइलला 'शेतकऱ्यांची यादी' असं नाव दिलं तर त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच कोडपॉइंट म्हणून, किंवा र आणि नुक्ता असे दोन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी फाइलप्रणाली नावं सुटी करून साठवत असे, त्यामुळे तिथून आलेल्या फाइलीत दुसरा प्रकार येतो; कीबोर्ड बहुधा पहिला प्रकार टाइप करतो. अँड्रॉइडवर ॲपच्या खाजगी जागेत नावाचे बाइट जुळवले जातात. बाइट वेगळे म्हणून ॲप सांगतं की फाइल नाही, आणि ती तर समोर दिसत असते. यूआरआयमध्ये नाव घालताना देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट टक्केचिन्हांसह नऊ अक्षरांचा होतो. स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवणारा कोड कुठे हे रूपांतर करतो, कुठे विसरतो, कुठे दोनदा करतो. शिवाय अँड्रॉइडवर फाइलच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचा कोडपॉइंट तीन बाइटांचा, म्हणजे जास्तीत जास्त 85 कोडपॉइंट, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे त्यात वेगळे मोजले जातात. 'शेतकऱ्यांची' हा एकच शब्द 33 बाइट खातो. परिपत्रकाचं पूर्ण शीर्षक फाइलला दिलं की मर्यादा ओलांडली. इंग्रजी नावांवर तपासलेला कोड 'चालतंय' असं म्हणतो तेव्हा तो या वापरकर्त्यांना मोजतच नाही.

पैशाचा आणि वेळेचा प्रश्न उरतो, आणि लहान टीमसाठी तो खरा आहे. फाइलींचा कोड बदलून पडद्यावर नवं काहीच दिसत नाही, मग क्लायंट पैसे का देईल? याला उत्तर अँड्रॉइड 11च्या वेळच्या घटनाक्रमात आहे. अँड्रॉइड 10ने जुनी वागणूक तात्पुरती चालू ठेवणारा एक फ्लॅग दिला होता. नोव्हेंबर 2021पासून प्ले स्टोअरवर ॲपचं अपडेट टाकायचं तर एपीआय 30 लक्ष्य करणं सक्तीचं झालं आणि अँड्रॉइड 11च्या फोनांवर तो फ्लॅग निष्प्रभ ठरला. मधला काळ वापरकर्त्यांच्या फाइली सामायिक जागेतून ॲपच्या जागेत हलवण्यासाठी होता. व्हॉट्सॲपने आपला फोल्डर अँड्रॉइडच्या 'मीडिया' फोल्डरखाली नेला तो याच बदलापायी. ज्यांनी तो काळ 'फ्लॅग लावला, झालं' म्हणून घालवला, त्यांच्या ॲपने केलेले बॅकअप फोनमध्ये दिसत राहिले आणि ॲप पुन्हा बसवल्यावर त्याला ते वाचता येईनात. तेव्हा फाइली हलवणारा कोड लिहून उपयोग नव्हता, कारण तो चालवायची परवानगीच संपलेली होती. ॲपलकडूनही असाच झटका बसला: 1 मे 2024पासून फाइलची वेळ किंवा डिस्कवरची मोकळी जागा वाचण्याचं कारण प्रायव्हसी मॅनिफेस्टमध्ये नोंदवलं नसेल तर ॲप स्टोअर नवी आवृत्ती घेईना. ज्यांनी प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत ठेवले होते, त्यांना ही नोंद बव्हंशी तयार मिळाली. जुन्या, सोडून दिलेल्या प्लगइनांवर बसलेल्यांना ऐन रिलीजच्या तोंडावर शोधाशोध करावी लागली.

म्हणून 'लेगसी'ची आयात ठेवायचीच असेल तर ती कामाच्या यादीत तारखेसह लिहून ठेवावी, आणि फाइलींशी संबंधित सगळा कोड एका मोड्यूलमध्ये गोळा करण्यापासून सुरुवात करावी. बहुतेक ॲप्समध्ये अशा जागा मोजक्याच निघतात. बदल झाल्यावर तपासायचं तेही ठरलेलं आहे. आयफोनवर स्टोअरमधली जुनी आवृत्ती बसवून तिच्यात चार फोटो साठवायचे, तिच्यावर नवी आवृत्ती चढवायची आणि ते फोटो उघडतात का पाहायचं. 3 जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर मोठा व्हिडिओ निवडून जागा किती गेली ते मोजायचं. ड्राइव्हवरचा कागद उघडून, बदलून, सेव्ह करून मग संगणकावरून तोच कागद पाहायचा. फाइलला लांबलचक मराठी नाव द्यायचं, त्यात 'ऱ' आणि एखादं हॅश चिन्ह असू द्यायचं. आणि एक फोल्डर निवडून, फोन रीस्टार्ट करून, त्याच फोल्डरमध्ये ॲपला पुन्हा लिहिता येतं का ते बघायचं.